हाड जुळून येताना

दादाच्या उजव्या पायाची नडगी मोडली ती ऐन द्राक्षाच्या हंगामात. तासगाव रस्त्यावर मोटरसायकल घसरली आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. मिरजेला नेलं. त्याच रात्री जखम धुऊन, मेलेलं मांस काढून पायाला बाहेरून सळ्यांचा फिक्सेटर लावला. पाय वाचला, पण हाड काही जुळेना. दर एक्स-रेत तेच चित्र: दोन्ही टोकं आपापल्या जागी कोरडी ठाक आणि मधे काळी फट. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "कॅलस अजून धरलेला नाही." कॅलस म्हणजे फटीत धरणारा नव्या हाडाचा जोड. पुढे पुढे ते काही बोलायच्या आधीच वहिनीला कळायचं.

भेटायला येणारा प्रत्येकजण एकेक उपाय सांगून जायचा. बोकडाच्या पायांचं सूप, हाडजोडीच्या वेलाचा रस, नाचणी, तीळ, कॅल्शियमच्या गोळ्या. वहिनीनं सगळं मनापासून केलं. त्या खाण्यापिण्याला मी नावं ठेवणार नाही, आजाऱ्याला प्रथिनं आणि कॅल्शियम लागतंच. पण दादाच्या रक्तात कॅल्शियम पुरेसं होतं, 'ड' जीवनसत्त्वही ठीक होतं. मग अडत होतं कुठे? मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या पुस्तकात हाडांची रचना आहे, सांध्यांचे प्रकार आहेत, पण मोडलेलं हाड परत कसं घडतं यावर दोन ओळींच्या वर काही नाही. म्हणून मी शोधून शोधून वाचायला लागले, आणि जे सापडलं त्यानं मी अक्षरशः भारावून गेले.

शरीरात जखम झाली की बहुतेक ठिकाणी व्रण राहतो. कातडीवर राहतो, हृदयाच्या स्नायूवर राहतो. हाड मात्र, सगळं नीट जमून आलं तर, व्रण न ठेवता भरून येतं. नवं हाड जुन्यासारखंच असतं. गर्भात हाड ज्या रीतीनं पहिल्यांदा तयार झालं, बरीचशी तीच रीत शरीर पुन्हा वापरतं. आणि हे सगळं चालतं ते ग्रोथ फॅक्टर नावाच्या प्रथिनांच्या निरोपांवर. पेशींना ती सांगतात: इकडे या, वाढा, आता कूर्चा बना, आता हाड बना. त्यांचं प्रमाण इतकं नगण्य असतं की किलोभर हाडातून जेमतेम मायक्रोग्रॅमभर हाती लागावं. मला त्यांच्याविषयी कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांचं बळ प्रमाणात नसतं. ते योग्य जागी असण्यात, योग्य वेळी येण्यात आणि वेळेवर थांबण्यात असतं.

सुरुवात होते रक्ताच्या गाठीपासून. हाड मोडतं तेव्हा त्याच्या आतल्या मज्जेतल्या आणि वरच्या पातळ आवरणातल्या, म्हणजे पेरिऑस्टियममधल्या, रक्तवाहिन्या फाटतात. रक्त साचतं, गोठतं. आपल्याला बाहेरून दिसते ती फक्त काळीनिळी सूज, आणि वाटतं की ही नुकसानीची खूण आहे. पण त्या गाठीतल्या प्लेटलेट्स फुटतात तेव्हा त्यांच्यातून दोन महत्त्वाची प्रथिनं बाहेर पडतात, पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा. त्यांच्या हाकेला पांढऱ्या पेशी येतात. मग दाह सुरू होतो, इंटरल्यूकिन आणि टीएनएफ-अल्फा ही दाहाचे निरोप देणारी प्रथिनं वाढतात. पहिल्या काही दिवसांतला हा दाह हवाच असतो. ज्या उंदरांच्या पेशींना टीएनएफचा निरोप ऐकूच येत नाही, त्यांची मोडलेली हाडं उशिरा जुळतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मात्र हाच दाह आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर हाड खायला उठतो. एकच निरोप पहिल्या आठवड्यात औषध असतो आणि तिसऱ्या महिन्यात विष.

दादाच्या बाबतीत ही गाठच राहिली नव्हती. उघड्या फ्रॅक्चरमध्ये ती जखमेतून वाहून जाते, आणि जी उरते ती डॉक्टरांना धुऊन काढावी लागते, कारण तिच्यात रस्त्यावरची माती आणि जंतू असतात. डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं, न धुतलं असतं तर पाय गेला असता. शिवाय नडगीच्या पुढच्या बाजूला मांस नाहीच, नुसती कातडी. हात फिरवला की हाड लागतं. मांडीच्या हाडाभोवती जाड स्नायू असतात, ते रक्त पुरवतात आणि दुरुस्तीला लागणाऱ्या पेशीही. नडगीला हा आधार अर्धाच. म्हणून अंगातल्या लांब हाडांमध्ये न जुळण्याबद्दल सगळ्यात बदनाम हाड हेच.

गाठीनंतरचा टप्पा मला सगळ्यात सुंदर वाटतो. पेरिऑस्टियममधून आणि मज्जेतून मूळपेशी येतात. फटीपासून थोड्या दूर, जिथे रक्तपुरवठा शाबूत आहे, तिथल्या पेशी सरळ हाड बनवायला घेतात. ऐन फटीत मात्र प्राणवायू कमी आणि हालचाल जास्त. तिथे हाडाच्या पेशी तगणार नाहीत, म्हणून त्याच मूळपेशी तिथे कूर्चा बनवतात, जी कमी प्राणवायूवर जगते आणि थोडं वाकणं सहन करते. हा मऊ कॅलस. तो फट धरून ठेवतो, हालचाल कमी होते. मग कूर्चेच्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती कॅल्शियम साचतं आणि त्या व्हीईजीएफ नावाचं, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडायला लागतात. त्यासरशी नव्या रक्तवाहिन्या कूर्चेत घुसतात, त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या आणि हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि कूर्चेच्या जागी हाड उभं राहतं. कूर्चा आपली जागा घेणाऱ्यांना स्वतःच बोलावते. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघतात.

आता या निरोपांमधला मुख्य कोणता? त्याचा शोध लागला तो लॉस एंजेलिसमध्ये. मार्शल उरिस्ट हे तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद. त्यांनी हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यांतलं सगळं कॅल्शियम काढून टाकलं. उरला तो रबरासारखा मऊ सांगाडा. तो सशांच्या आणि उंदरांच्या स्नायूंमध्ये, म्हणजे जिथे हाडाचा काही संबंधच नाही अशा जागी, बसवला. काही आठवड्यांनी पाहिलं तर तिथे नवं हाड, आत मज्जेसकट. १९६५ मध्ये त्यांनी हे 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. पेशी त्या प्राण्याच्याच होत्या, पण हाड व्हायचा हुकूम त्या मेलेल्या, कॅल्शियमही नसलेल्या तुकड्यात शिल्लक होता. पुढे उरिस्टनी त्या अज्ञात पदार्थाला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असं नाव दिलं. आज सगळे बीएमपी म्हणतात. आमच्या घरात कॅल्शियमच्या गोळ्यांचा ढीग पडला होता तेव्हा मला हा प्रयोग सारखा आठवायचा. हाडातलं कॅल्शियम काढून घेतलं तरी हाड घडवायची ताकद मागे राहते.

पण तो पदार्थ वेगळा काढणं महाकठीण होतं. इथे एक भारतीय नाव येतं आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. हरी रेड्डी. दिल्ली विद्यापीठात पीएच.डी. करून ते अमेरिकेत गेले आणि शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम केलं. हगिन्सना नोबेल मिळालं ते प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या कामासाठी, पण हाडाच्या या कोड्यानं त्यांना तरुणपणापासून पछाडलं होतं. हगिन्स आणि रेड्डी यांनी कॅल्शियम काढलेल्या हाडाची पूड उंदरांच्या कातडीखाली ठेवून आधी कूर्चा, मग हाड, मग मज्जा हा सगळा क्रम दिवसादिवसानं मांडला. पुढे १९८१ मध्ये सम्पत आणि रेड्डी यांनी एक प्रयोग केला, जो मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटतो. ती पूड त्यांनी ग्वानिडिन नावाच्या रसायनात घालून तिचे दोन भाग केले. एक विरघळलेला, ज्यात निरोप देणारी प्रथिनं. दुसरा न विरघळलेला, मुख्यतः कोलॅजनचा चोथा. नुसतं विरघळलेलं उंदराला दिलं, हाड झालं नाही. नुसता चोथा ठेवला, तरी नाही. दोन्ही परत एकत्र करून ठेवलं आणि हाड झालं.

म्हणजे निरोप असून भागत नाही. त्याला धरून ठेवणारी जागा लागते. मोकळा सोडला तर तो रक्तात वाहून जातो आणि कुणाच्याच कामाचा राहत नाही.

१९८८ मध्ये जॉन वोझ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएमपींची जनुकं शोधून काढली, आणि मग ही प्रथिनं कारखान्यात, पेशींच्या टाक्यांत हवी तेवढी बनवता यायला लागली. यातलं बीएमपी-२ दुरुस्तीसाठी किती मूलभूत आहे हे २००६ मध्ये कळलं. ज्या उंदरांच्या पायांत हे एकच प्रथिन बनत नव्हतं, त्यांची हाडं जन्मतः ठीक होती. पण ती आपोआप मोडायला लागली, आणि मोडल्यावर जुळण्याची पहिली पायरीसुद्धा सुरू झाली नाही. बाकीचे बीएमपी हजर असूनही.

एव्हाना बीएमपी-२ औषध म्हणून बाजारात आलेलं होतं. २००२ साली अमेरिकेत मणक्यांची हाडं एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी, म्हणजे अगदी दादाच्याच दुखण्यासाठी. त्यामागे ४५० रुग्णांवरची चाचणी होती. कोलॅजनच्या स्पंजमध्ये औषध भिजवून तो फ्रॅक्चरवर ठेवायचा. जास्त मात्रेच्या गटात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्या चाचणीत नोंदलं गेलं. हे वाचून मी किती हुरळले होते! पण पुढचं वाचलं आणि गप्प झाले.

ती मात्रा होती एका मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम. शरीर नॅनोग्रॅममध्ये बोलतं, इथे मिलिग्रॅममध्ये ओतलं गेलं. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. स्पंजातून बरंचसं औषध पहिल्या काही दिवसांतच झिरपून जातं, म्हणून मुळातच जास्त भरायचं, असा तो हिशेब. मणक्याच्या ऑपरेशनांत त्याचा वापर मान्यतेच्या पलीकडे वाढत गेला. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर काहींचा गळा इतका सुजला की श्वास घेणं आणि गिळणं मुश्कील झालं, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. काहींना नसांच्या शेजारी, नको तिथे हाड उगवलं. २०११ मध्ये मणक्याच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकानं कंपनीच्या पैशावर झालेल्या आधीच्या अभ्यासांत दुष्परिणाम फार कमी दाखवले गेल्याचं उघडपणे मांडलं. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या पुढाकारानं सगळी मूळ माहिती दोन स्वतंत्र गटांकडून पुन्हा तपासून घेतली गेली, आणि मणक्याच्या बाबतीत कमरेचं हाड काढून बसवण्यापेक्षा हे औषध ठळकपणे सरस असल्याचं सिद्ध झालं नाही.

मला राग आला तो औषधाचा नाही. बीएमपी-२ नं आपलं काम चोख केलं होतं, त्याला सांगितलं तिथे हाड घडवलं आणि जिथे वाहत गेलं तिथेही घडवलं. राग आला तो दुष्परिणाम झाकणाऱ्यांचा, कारण त्यामुळे एक अस्सल शोध बदनाम झाला आणि खऱ्या गरजवंतांपासून लांब गेला.

थांबणं किती मोलाचं आहे हे एका आजारातून समजतं. एफओपी नावाचा हा आजार साधारण वीस लाखांत एकाला होतो. त्यात मुलाचे स्नायू आणि स्नायुबंध हळूहळू हाडात बदलत जातात. पडणं, मुका मार, दंडातलं इंजेक्शन, एवढं निमित्त पुरतं. नवं हाड काढायला ऑपरेशन केलं तर तिथे आणखी हाड येतं. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा आहे. लहानपणी पाय मोडल्यानंतर त्यांचा आजार दिसायला लागला. १९७३ मध्ये वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर ते गेले तेव्हा त्यांना ओठांपलीकडे फारसं काही हलवता येत नव्हतं. पुढच्या रुग्णांना उपयोग व्हावा म्हणून आपलं शरीर त्यांनीच दान केलं होतं. सांगाडे एरवी तारांनी जोडून उभे करावे लागतात. त्यांचा बराचसा जुळलेलाच आहे, पाठीवर हाडाचे पत्रे आहेत, बरगड्या आणि हात एक झालेले आहेत. २००६ मध्ये या आजाराचं कारण सापडलं: बीएमपीचा निरोप ऐकणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. त्यामुळे निरोप नसतानाही पेशी 'हाड बना' असंच ऐकत राहते. तुमच्याआमच्या शरीरात बीएमपी वाढलं की त्याला अडवणारं नॉगिन नावाचं प्रथिनही वाढतं आणि मामला आवरतो. मोडलेल्या हाडाभोवतीचा कॅलस एका मर्यादेत थांबतो, पोटरीभर पसरत नाही, त्यामागे हा बंदोबस्त आहे.

दादाच्या पायात मध्यंतरी जंतू शिरलेच. मेलेलं हाड कापून काढावं लागलं आणि नडगीत काही सेंटीमीटरची पोकळी पडली. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक इलिझारोव्हचा, म्हणजे हाडाला वरच्या बाजूला काप देऊन, रिंगांच्या साहाय्यानं दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर असा सरकवत पोकळी भरून काढायची. दुसरा मास्केलेचा. त्यांनी दुसरा निवडला आणि केसपेपरच्या मागे बॉलपेननं चित्र काढून दाखवलं: हाडाची दोन टोकं, मधे एक भरीव नळकांडं, नळकांड्याभोवती तुटक रेघ.

ते नळकांडं म्हणजे अँटिबायोटिक मिसळलेलं बोन सिमेंट. आलँ-शार्ल मास्केले या फ्रेंच शल्यविशारदांनी १९८०च्या दशकात पोकळीत सिमेंट ठेवलं ते मुळात जागा राखायला. नंतर ते काढायला गेल्यावर त्यांना दिसलं की सिमेंटभोवती शरीरानं एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली पिशवी तयार केली आहे. परक्या वस्तूभोवती आवरण विणणं ही शरीराची नेहमीचीच सवय. पण ही पिशवी निव्वळ आवरण नव्हती. सशांवरच्या प्रयोगांत दिसलं की ती व्हीईजीएफ, टीजीएफ-बीटा आणि बीएमपी-२ सोडते, आणि बीएमपी-२ चं प्रमाण चौथ्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. सहा ते आठ आठवड्यांनी पिशवी अलगद चिरायची, सिमेंट काढायचं, कमरेच्या हाडातला मऊ कीस आत भरायचा आणि पिशवी पुन्हा शिवून टाकायची. बाहेरून एक थेंबही ग्रोथ फॅक्टर द्यावा लागत नाही. निरोप शरीराचाच, मात्रा शरीराची, आणि त्याला धरून ठेवणारी जागाही तिथेच.

तुटक रेघेवर पेन टेकवून डॉक्टर म्हणाले, "काका, ही पिशवी धरेपर्यंत थांबायचं. घाई केली तर हाड भरून उपयोग नाही."

दादा जन्माचा बागायतदार. तो लगेच म्हणाला, "म्हणजे वाफसा आल्याशिवाय पेरायचं नाही." डॉक्टर हसले, त्यांच्याही घरी शेती होती. दोन कागदांवर वाचलेलं मला जे धड सांगता येत नव्हतं ते दादाच्या तोंडून एका वाक्यात आलं.

त्याच बैठकीत त्यांनी तंबाखूचा विषय काढला. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या रक्तवाहिन्यांशिवाय कॅलसचं हाड होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, न जुळण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. तोंडात धरलेल्या तंबाखूतूनही निकोटिन रक्तात उतरतंच. दादानं चंची वहिनीच्या हातात दिली. तिनं ती मला दाखवून कचऱ्यात टाकली. आटोक्यात नसलेली साखरही असाच अडथळा करते. आपल्याकडे या दोन गोष्टींवर जितकं बोलायला हवं त्याच्या दहावा हिस्साही कुणी बोलत नाही, आणि सूप मात्र सगळे आणून देतात.

दुसऱ्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी एक्स-रेत पहिल्यांदा धूसर पांढरं दिसलं. मग दर खेपेला थोडं दाट. आता तो काठी न घेता चालतो, बागेत छाटणीला उभा राहतो. हाड अजून ओबडधोबड आहे. ते घासून, जिथे भार पडतो तिथे जाड आणि बाकी ठिकाणी पातळ करण्याचं काम अजून वर्षानुवर्षं चालेल. सुश्रुतानं तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ सांगितला आहे. त्याचा हिशेब साध्या मोडीसाठी आजही फारसा चुकत नाही, पण दादाच्या पायासारखी मोड त्या हिशेबात बसत नाही.

शहरांतल्या दवाखान्यांत हल्ली 'ग्रोथ फॅक्टर थेरपी' म्हणून पीआरपीची इंजेक्शनं देतात. आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स दाट करायच्या आणि टोचायच्या. विचार चुकीचा नाही, पहिल्या गाठीतली प्रथिनं परत द्यायची असा तो विचार आहे. पण मोडलेली लांब हाडं त्यानं लवकर जुळतात याला भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. म्हणून कुणी पैसे मागितले तर मी एवढंच विचारायला सांगते: ही प्रथिनं त्या जागी किती दिवस राहतील, आणि त्यांना धरून काय ठेवणार?

दादाला आता त्रास उरला आहे तो कमरेचा, जिथून कीस काढला तिथला. थंडीत दुखतं, पट्टा घट्ट बांधला की टोचतं. कमरेतून हाड काढलेल्यांपैकी अनेकांना हे होतं, आणि नेमकं हेच दुखणं टाळण्यासाठी जगभरातले लोक बाटलीतल्या बीएमपीच्या मागे लागले होते. त्यांचा हेतू मला पटतो. ते प्रथिन नॅनोग्रॅमच्या हिशेबात, हवे तितके आठवडे आणि फक्त फटीतच सुटत राहील असं धरणारं काहीतरी बनवायचे प्रयत्न चालू आहेत. ते काम पुरं व्हायला हवं, आणि त्याचे चांगले-वाईट सगळे निकाल पहिल्या दिवसापासून उघड्यावर यायला हवेत.